पाच पायांच्या वाघाचा निरोप

बुधा, भिंतीला टेकून कोणी मरतं का रे?

ही बातमी दुसऱ्या कोणी आणली असती तर मी त्याला हिरड्याच्या ढिगात उभा पुरला असता. पण आला तो तुमच्या आहुप्याचा तुकादादा. जन्मात वावगा शब्द न बोललेला म्हातारा. डोंगर उतरून, डिंभ्यावरून, घोडेगाव मागं टाकून जुन्नरपर्यंत चालत आला आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्याच म्हणाला, "भाई, बुधा गेला."

"कुठं गेला? घाट उतरून मुरबाडला?"

"गेला म्हंजी गेला. भाकर खाल्ली, पानी प्याला, भित्ताडाला टेकला. हौसा ताट उचलाया आली तर ह्यो गार."

मी हसलो, बुधा. अल्लाची शपथ, हसलो. मला वाटलं, तूच पढवून पाठवलंस त्याला. उभा जन्म मी लोकांना थापा मारल्या, आता एक थाप तू मला मारतो आहेस. तुकादादाच्या पाठीमागे वाकून पाहिलं, कोपऱ्यावर तू तोंडात मुंडाशाचा सोगा कोंबून हसत उभा असशील म्हणून. कोपऱ्यावर एक गाय होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. किती वेळ, ते तिलाच विचार.

तेव्हापासून माझं टाळकं जे बंद पडलंय ते चालू व्हायला तयार नाही. तराजूच्या एका पारड्यात हिरडा घालतो आणि दुसऱ्यात वजन टाकायचं विसरतो. जुम्म्याच्या नमाजाला गेलो, तर सगळे वाकले तेव्हा मी उभा आणि सगळे उठले तेव्हा मी वाकलेला. घरची म्हणाली, "रडून घ्या एकदा." रडायचं कशाला? रडायला आधी पटायला तर हवं!

वाचणाऱ्यांना तू कोण हे ठाऊक नसेल, म्हणून एका ओळीत सांगून टाकतो. तू आहुप्याचा महादेव कोळी, हिरडा झोडणारा. मी जुन्नरचा मुसलमान, हिरडा घेणारा. तू झाडावर आणि मी झाडाखाली, अशी आपली दोस्ती झाली. वरून तू फांदी हलवायचास, खालून मी तोंड. बाकी सगळं पेठेला तोंडपाठ आहे, कारण पेठेला ते मीच सांगितलंय. तुला वाघिणीनं दूध पाजलं होतं. तू आहुप्याच्या कड्यावर उभा राहून शिंकलास तर खाली कोकणातली भातं आडवी होत. एकदा अस्वलानं तुला मिठी मारली आणि तू सुटायच्या आधी तेच "सोड, सोड" म्हणालं, तेही मराठीत. निरगुडसरचे शेतकरी बाजाराला आले की आधी माझ्या ओट्यावर बसत, "भाई, बुधाचं काय नवीन?" म्हणून विचारत, आणि मग भाजी विकायला जात.

आता तेच येतात आणि विचारतात, "भाई, कसा गेला हो बुधा? वाघानं नेला?"

"नाही."

"कडा कोसळला?"

"नाही."

"मग काय इजबीज पडली?"

"भिंतीला टेकला," मी म्हणतो. ते माझ्या तोंडाकडे बघतात. वाट बघतात. पुढे काहीतरी येईल, भिंत हलली असेल, भिंतीतून हात निघाला असेल. मी तराजू उचलतो. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं मरण! मुंगीलासुद्धा याहून मोठं येतं, निदान कोणाचा पाय तरी पडतो. तुझ्या मरणाला मला कुठून हात घालताच येत नाही, बुधा. सगळीकडून गुळगुळीत आहे ते.

आणि त्यात तू माझ्या डोक्यावर एक धोंडा ठेवून गेलास. त्या वाघाचा.

तुमच्या शिवेवर, देवराईच्या तोंडाशी, ऐनाच्या लाकडाची एक फळी उभी असायची. वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, सगळ्यावर शेंदराचा लेप. तुझ्या आज्यानं कोरलेला तो वाघोबा. त्याला पाय पाच. कोरताना आज्याचा हात चुकला आणि एक पाय मानेतून निघाला. देवाचं लाकूड चुलीत घालता येत नाही, म्हणून म्हाताऱ्यानं मुकाट्यानं योग्य जागी आणखी एक पाय काढला आणि विषय मिटवला. मी मुसलमान, माझा वाघोबाशी संबंध काय? पण त्या वाटेनं जाताना माझेही हात आपोआप जुळायचे. मान खाली घालून, डोळे मिटून, पटकन पुढे. न जाणो!

त्या फळीचा कायदा तूच मला सांगितला होतास. तिला छप्पर घालायचं नाही, टेकू द्यायचा नाही. तिनं उन्हापावसात कुजायचं, वाळवीनं खाल्लं तर खाऊ द्यायचं. ती मातीला टेकायला आली की तुझ्या घरातल्या कर्त्या माणसानं समोर उभं राहून म्हणायचं, "तुझी राखण झाली, बाबा. आता जा." मग नवी फळी उभी राहायची. एका शिवेला राखणदार एकच. जुन्याला निरोप दिल्याशिवाय नवा बसत नाही.

आणि मग कोणी एक साहेब रानात तंबू ठोकून राहिला. पानं, अंडी, दगड, फुलपाखरं, दिसेल ते गोळा करणारा. त्याला ती फळी दिसली. कललेली, अर्धी पोखरलेली, ना डोक्यावर छप्पर ना पायाशी ओटा. त्या बिचाऱ्याला वाटलं, टाकून दिलेली आहे. त्यानं वाटेवरच्या गुराख्याला विचारलंसुद्धा, "हे पडलेलं आहे का?" गुराखी म्हणाला, "पडतंय, सायेब." खोटं काय बोलला? पडतच होतं! साहेबानं वाघोबाला पोत्यात गुंडाळलं आणि घेऊन गेला.

तिथपासून तुमची शीव उघडी पडली. राखणदार गेला, पण निरोप न घेता गेला. म्हणजे तो अजून कामावरच. मग नवा बसवायचा कसा? वरच्या रानात गुरं न्यायला कोणी धजेना. खालच्या गवतावर जनावरं किती दिवस जगणार? त्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. दिवाळीतल्या वाघबारशीला शिवेवर दुधाची खीर शिजायची, तू वाघ व्हायचास, गुराखी तुला हाकलत न्यायचे आणि विचारायचे, "आमच्या शिवारात येशील का?" आणि तू डरकाळी फोडून म्हणायचास, "न्हाई येनार!" तेही बंद झालं. तुझ्या मिश्या पिकल्या तरी वाघ तूच व्हायचास. दुसऱ्या कोणाला ते काम द्यायला तू तयार नव्हतास. हौसावहिनी म्हणायच्या, "घरात मांजरावानी आन तिकडं वाघ!"

मी मुंबईला हिरड्याच्या सौद्याला गेलो की अजबखान्यात जुन्या वस्तू बघायला गेल्याशिवाय परतत नसे. तुला माहीत आहे माझं ते वेड. जुन्नरला येऊन सांगायचो, तिथं एक मातीचा हत्ती आहे, तो माणसं गेली की पाणी प्यायला उठतो. लोक मानायचे. तर एका खेपेला मी दालनांतून डोलत चाललो होतो आणि एकदम समोर, काचेच्या कपाटात, पाच पायांचा वाघ! शेंदूर सगळा खरवडून काढलेला. अंगाला तेलपाणी केलेलं. खाली पितळी पट्टी. माझे हात सवयीनं जुळले. शेजारचा पारशी गृहस्थ वळून बघायला लागला, मी रामराम कोणाला घालतोय म्हणून.

तुला येऊन सांगितलं तर तू ऐकूनच घेईनास. हिरड्याच्या झाडावर होतास. वरूनच म्हणालास, "भाई, तुमचा त्यो हत्ती पानी पिऊन आला का?"

"अरे खरं सांगतोय!"

"तुमी खरं सांगाया लागलात म्हंजी लईच मोठी थाप आसनार."

"चंद्र-सूर्य आहेत वर."

"समद्यांच्या फळीवर आसत्यात."

"पाय पाच आहेत, बुधा."

फांदी हलायची थांबली. तू झाडावरून कसा उतरलास ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एका क्षणी वर होतास, दुसऱ्या क्षणी माझं बखोट धरून उभा. ही थाप नाही, तू असाच उतरलास.

वैशाखात आपण निघालो. आहुप्याचा घाट उतरलो, मुरबाडवरून कल्याण, तिथून आगगाडी. तुझ्या कमरेला फडक्यात बांधलेला नारळ होता आणि गावाच्या पंचांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. वाघोबाला निरोप द्यायचा, येत्या वाघबारशीला नवी फळी बसवायची आणि गुरं वरच्या रानात न्यायची. एवढंच काम.

अजबखान्यात तू एकेका वस्तूपुढे उभा राहायचास आणि मला एकच गोष्ट विचारायचास, "ह्याचं काम काय व्हतं?"

"ही समई. देवळातली."

"तेल कोन घालतं?"

"कोणी नाही."

"आन ह्यो नगारा? वाजवत्यात?"

"नाही रे."

"ही तलवार?"

"ती कापत नाही आता, बघायची."

तू हळूच म्हणालास, "म्हंजी समदी पेनशन खात्यात हितं." आणि आपण दोघं इतके हसलो की दारावरचा चौकीदार आत आला.

मग वाघासमोर आलो. तू हसायचा थांबलास. जवळ गेलास, काचेवर कपाळ टेकलंस, काच गार लागली म्हणून दचकून मागे झालास. तिथं चष्मा लावलेले एक बाबू होते, भला माणूस. आपल्याला बघून आपण होऊन सांगायला आले, "हा डोंगरातल्या लोकांचा वाघदेव. पाय बघितलेत? पाच आहेत. वाघ धावतोय, म्हणून कारागिरानं जास्तीचा पाय काढलाय. वेग दाखवलाय त्यानं."

माझ्या पोटात हसू उसळलं. आज्याचा हात चुकलेला आणि बाबूंना वेग दिसतोय! मी तोंड उघडणार तोच तू माझा हात दाबलास. "आसं लिवलंय व्हय पट्टीवर?" असं विचारलंस. ते हो म्हणाले. तू त्या पायाकडे कितीतरी वेळ बघत राहिलास. नंतर म्हणालास, "आसंल बी. आज्याला पळताच दिसला आसंल त्यो. आमाला इतकी वर्सं कुनी सांगितलंच न्हाई." बाबू खूष होऊन गेले. मी मात्र चक्रावलो. चूक कुठं संपते आणि अर्थ कुठं सुरू होतो, हे मला तिथं उभं राहून कळेनासं झालं. अजून कळलेलं नाही.

चौकीदाराची नजर तुझ्या कमरेच्या नारळावर होती. तू माझ्या कानाला लागलास, "भाई, ह्या बाबाला जरा तुमच्या रानात फिरवून आना."

मग मी त्याला रानात नेलं. रत्नागिरीकडचा माणूस होता तो. त्याला दाराबाहेर घेऊन सांगितलं, की आमच्या आहुप्याच्या कड्यावर वारा एवढा, एवढा की खाली फेकलेलं पागोटं परत वर येऊन डोक्यावर बसतं.

"काय सांगतांव काय!"

"अहो, सुटं फेकलं तर बांधून येतं."

"खोटां!"

"माझ्या सासऱ्याचं पांढरं फेकलं होतं, लाल होऊन आलं. वाटेत कोणाशी अदलाबदल झाली असणार. कोकणातलाच कोणीतरी. तुमचं गाव कोणतं म्हणालात?"

तो पोट धरून भिंतीला टेकला. मी वळून पाहिलं तर तू केव्हाच जिन्याशी उभा, वाघाकडे पाठ करून. नारळ कमरेला तसाच.

आणि बुधा, तू निरोप सांगितलास की नाही, हे मी पाहिलं नाही. ऐकलं नाही. मी पागोट्यात होतो.

बाहेर झाडाखाली फुटाणे खात आपण भांडलो. मी म्हटलं, "इथं बरा आहे तो. तुमच्या रानात वाळवीनं फस्त केला असता. इथं हजार वर्षं बसेल, विलायतेचे लोक येऊन बघतील."

"बघत्यात," तू म्हणालास, "पर भीत कुनी न्हाई. येका बाईनं तर त्येच्यापुढं उभं ऱ्हाऊन आरशात बघावं तसा पदर नीट केला."

"अरे, पण भीती गेली म्हणून तर रूप दिसलं! मी तुमच्या शिवेवरून शंभरदा गेलो असेन, डोळे मिटून. त्याचे कान एवढे सुबक आहेत हे मला इथं कळलं. तो हसतोय, बुधा! तुझ्या आज्यानं हसरा वाघ कोरलाय. हे कधी पाहिलं होतंस?"

"न्हाई," तू म्हणालास. खरं बोलायची तुला वाईट खोड होती. "पर कामावरच्या मानसाचं कान कुनी बघतं व्हय?"

"काम सुटलं की माणूस दिसतो."

"दिसतो, पर त्यो मानूस ऱ्हात न्हाई." तू फुटाणा चावलास. "आन त्येचं काम सुटलं न्हाई अजून. त्यो राखतोयच."

"काय राखतोय? मुंबई?"

"बघा की. हाय का मुंबईत येक तरी वाघ?"

मी विचारलं, "मग सांगितलंस का त्याला जा म्हणून?" तू फुटाण्याची पुडी झटकलीस. "वाघबारशीला सांगन. शिवेवर, समद्यांम्होरं. आत्ता सांगितलं तर तुमी जुन्नरात जाऊन येकाचं शंभर करचाल."

परतीच्या वाटेवर कल्याणला विचारलं, मुरबाडला विचारलं, घाटातल्या झऱ्यावर विचारलं. तू नुसता मिशीत हसायचास. पावसाळ्यात तू ओसरीवर बसून नवी फळी कोरतो आहेस असं कळलं. मी म्हटलं, म्हणजे काम झालं असणार. आणि दसरा उलटला, आणि तू भिंतीला टेकलास.

बोल ना आता! मी ऐकायला बसलोय. एकाचं एक ठेवतो, शंभर करत नाही.

तुला आठवतं, त्या वर्षी कड्यावर धुकं आलं होतं? पेठेत मी सांगतो, तू मला पाठीवर घेऊन धुक्यातून कडा उतरलास आणि वाटेत दोन वाघांना बाजूला सरका म्हणालास. खरं काय घडलं होतं? तू म्हणालास, "भाई, बसा." मी म्हटलं, अरे अंधार पडेल. तू म्हणालास, "धुकं जाईपत्तोर बसायचं आसतं." आणि आपण बसलो. तू काही बोलला नाहीस, मला धरलंही नाहीस. हातभर अंतरावर कडा होता आणि तो मला दिसत नव्हता. धुकं गेल्यावर दिसला, तेव्हा मी बसल्या बसल्याच मागे सरकलो आणि तू म्हणालास, "चला, आता भ्यायला हरकत न्हाई." एवढीच गोष्ट. त्यात वाघ मी घातले, कारण "बसा" या शब्दानं माणूस वाचतो हे पेठेत कोणाला पटलं असतं? त्या दिवसाचे आभार मी कधी मानले नाहीत. दरवेळी वाघ मध्ये यायचे.

आता तू मला दिसायला लागला आहेस, बुधा, आणि हे मला सहन होत नाही. तुझ्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. पाणी पिताना तू डोळे मिटायचास. हिरडा पाहायला देताना तळहात आधी धोतराला पुसायचास, जसं काही ते सोनं आहे. एवढी वर्षं समोर होतास तेव्हा यातलं काही बघितलं नाही. आपली कामं चालली होती. आता काम सुटलं आणि रूप दिसतंय. त्या झाडाखालचा वाद मी जिंकलो म्हणायचा. आग लागो त्या जिंकण्याला. ती फाटकी पाळी घेऊन मी काय करू? काच आणू?

तुझ्या दहाव्याला वर आलो. ओसरीवर तुझी फळी भिंतीला उभी होती. कोरून पुरी झालेली, शेंदूर तेवढा लागायचा राहिलेला. मी पाय मोजले. पाच आहेत. मुद्दाम काढलेस. बाबूंचं ऐकलंस की आज्याचं, तेही तू सांगून गेला नाहीस.

अंगणात गाव बसलं होतं. हौसावहिनी दारात. सगळ्यांच्या पुढे तुकादादा. बारस तोंडावर आली होती, गोठ्यांतून गुरांचं हंबरणं ऐकू येत होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. कारण वाघापुढे तुझ्याबरोबर उभा राहिलेला दुसरा माणूस मीच.

तुकादादा म्हणाला, "भाई, आजवर तुमी सांगितलं ते आमी हसून घेतलं. आज येक डाव खरं सांगा. बुधानं त्येला निरोप दिला का न्हाई?"

बुधा, माझ्या तोंडात सगळं तयार होतं. अगदी शिजून तयार. तू हात जोडलेस, काच थरथरली, वाघानं मान हलवली, दालनात शेंदराचा वास दरवळला. कसं सांगितलं असतं मी! बाया रडल्या असत्या. फळी बसली असती, गुरं वर गेली असती. नुसतं तोंड उघडायचं होतं.

मी उघडलं, आणि त्यातून निघालं, "मला माहीत नाही, दादा. मी दाराबाहेर होतो. चौकीदाराला पागोट्याची गोष्ट सांगत होतो. बुधाला विचारलं तर म्हणाला, बारशीला सांगेन."

सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हेच वाईट झालं. तुकादादानं गुडघ्यावर हात टेकले आणि उठायला लागला. "मग न्हाई बसत फळी," तो म्हणाला. "पुन्यांदा कोन जानार मुंबईला? आन त्येच्या घरातला कर्ता मानूस आता ऱ्हायलाय कोन?" लोक उठू लागले. एक म्हातारी तोंडाला पदर लावून गोठ्याकडे बघत राहिली.

तेव्हा तुझी हौसा दारातून म्हणाली, "बसा खाली समदे."

तिचा आवाज मी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. सगळे बसले. मीही बसलो, मी तर उठलोही नव्हतो.

"सांगितलं आसंल तर झालंच," ती म्हणाली. "न्हाई सांगितलं आसंल तर आता सांगंल. जित्या मानसाला काच आडवती, चवकीदार आडवतो. आता त्येला कोन आडवतंय? आन घरचा कर्ता अजून त्योच हाय. तेरावं कुठं झालंय त्येचं?"

तुकादादानं ओसरीवरच्या फळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "त्ये बी खरंच म्हना." आणि फळीला शेंदूर आणायला माणूस घोडेगावला धाडला.

तर उद्या वाघबारस आहे. शिवेवर खीर शिजणार, तुझी फळी बसणार, आणि परवा सकाळी गुरं वरच्या रानात जाणार. वाघ कोण होणार यावर भांडण चाललंय. ते मी सोडवणार नाही. मी इथं घोडेगावात मुक्काम करून हे लिहितोय. उद्या पहाटे वर निघेन. तुला मात्र आजच निघायला हवं.

वाट ठाऊक आहे तुला. घाट उतर, मुरबाडवरून कल्याण धर. आगगाडीत बस, वर टपावर बसलास तरी तुला कोणी विचारणार नाही. अजबखान्यात जिना चढून डावीकडे. चौकीदाराची काळजी करू नकोस, तो अजून पागोट्याचा विचार करत असेल. कपाटापाशी जा, काचेतून आत जा, आणि त्याच्या हसऱ्या तोंडासमोर उभं राहून सांग त्याला, की राखण झाली, बाबा. आधीच सांगितलं असशील तर पुन्हा सांग. हरकत काय?

आणि सांगून झालं की तिथं रेंगाळू नकोस, बुधा. चांगलं काही दिसलं की ठेवून घ्यायची तिथल्या लोकांना खोड आहे. मलाही आहे. म्हणून सांगतो, निघ.